ॲम्बेसेडरमधलं डिजिटल घड्याळ: चावी काढली की टाइम जाते

संत्रावाला_वरुड:
राम राम मंडळी. आमची ॲम्बेसेडर गोठ्याशेजारी टिनाखाली उभी असते. डॅशबोर्डवर मामानं दुबईहून आणलेलं घड्याळ आहे, निळसर हिरव्या आकड्यांचं. वरातीत लोक नवरदेव सोडून तेच पाहायचे म्हणे. (बाबा थोडं वाढवूनच सांगतात.)

पोळ्याच्या आधी वायरिंग नवीन केलं. तेव्हापासून चावी काढली की टाइम जाते. आकडेही मंद, हाताची सावली केल्याशिवाय दिसत नाहीत. मागं चार वायरी, प्लेटवर एमए १००३. मिस्त्री म्हणते आयसी गेली, फेका. बाबा फेकू देत नाहीत.

जुना_रेडिओवाला:
काहून फेकता भाऊ? आयसी गेली असती तर मिनिटं पुढं सरकलीच नसती. नॅशनल सेमीकंडक्टरचं हे मॉड्यूल सत्तरच्या दशकातलं, गाडीच्या १२ व्होल्टसाठीच बनवलेलं.

एक वायर अर्थची. एक थेट बॅटरीची, तिच्यावर टाइम चालतो. चावीच्या वायरीवर फक्त आकडे पेटतात, म्हणजे उभ्या गाडीत बॅटरी उतरत नाही. मिस्त्रीनं या दोन्ही चावीवरच बांधल्या असतील. चौथी डॅशबोर्डच्या लाइटला. रात्री डोळ्यात खुपू नये म्हणून ती आकडे मंद करते. ती पॉझिटिव्हला जोडली असेल तर घड्याळाच्या मते तुमच्याकडे दिवसाही रात्रच आहे!

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, मगच हात घाला. बॅटरीच्या वायरीत लहान फ्यूज टाका.

कापूसवाला:
तरी मंद राहिले तर डिस्प्ले थकला समजा. आत बारीक तार तापते, तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन आकड्यांच्या लेपावर आदळले की तो उजळतो. हा लेप वापरून वापरून फिका पडतो.

संत्रावाला_वरुड:
अन् महिन्याला दोन-तीन मिनिटं मागं पडायचं, ते?

जुना_रेडिओवाला:
आतला क्रिस्टल सेकंदाला २०,९७,१५२ ठोके देतो. ते २१ वेळा निम्मे केले की एक सेकंद. जवळच छोटा ट्रिमर, म्हणजे ठोक्यांचा वेग जुळवायचा स्क्रू असेल, तो केसभर फिरवून पाहा. आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीची भट्टी होते, तेवढा फरक चालवून घ्या.

संत्रावाला_वरुड:
राजेहो, झालं! दोन्ही वायरी चुकल्याच होत्या. आकडे असे लख्ख, की पोरगं रात्री गाडीतच जाऊन बसलं. टाइम बाबांनी स्वतः लावला, हातातल्या एचएमटीवरून. एस.टी. चुकू नये म्हणून ते घड्याळ सात मिनिटं पुढं ठेवतात, हे मले मागून आठवलं.