बागकाम मंडळाचे वर्षभराचे कार्यक्रम कसे आखावेत?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

नाशिकमधील आमच्या वसाहतीत बागकामाची आवड असलेल्या रहिवाशांचे एक छोटे मंडळ आहे आणि यंदा त्याचे चिटणीसपद माझ्याकडे आले आहे. मंडळाचे कार्यक्रम ठरलेले आहेत: पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपण, दिवाळीनंतर एखादे व्याख्यान आणि जानेवारीच्या अखेरीस पुष्पप्रदर्शन. वर्गणी वेळेवर जमा होते, प्रदर्शनाच्या दिवशी गर्दीही होते. मात्र उरलेल्या दहा-अकरा महिन्यांत सभेला तेच ते आठ-दहा सभासद येतात.

प्रदर्शनाबद्दल कुरबुरी आहेतच. ज्यांच्याकडे माळी येतो किंवा जे आठवडाभर आधी रोपवाटिकेतून फुलांनी लगडलेली कुंडी आणू शकतात, त्यांनाच बक्षिसे मिळतात, असे नव्या सभासदांचे म्हणणे आहे आणि त्यात बरेच तथ्य आहे. शिवाय नवे सभासद बहुतेक सदनिकांमध्ये राहतात. कोणाची गॅलरी उत्तरेला आहे, तर कोणाला गच्ची वापरायला सोसायटीची परवानगी नाही. व्याख्यानात सांगितले जाते ते बंगल्याच्या परसबागेला लागू पडते, सदनिकेतल्या चार कुंड्यांना नाही.

ज्येष्ठ-आषाढापासून सुरू होणारे वर्षाचे वेळापत्रक मला कार्यकारिणीपुढे ठेवायचे आहे. आपापल्या गावच्या मंडळांत कोणते कार्यक्रम टिकले आणि कोणते बंद पडले, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मुठेकाठचा माळी

पुष्पप्रदर्शन बंद करू नका. त्यातला फक्त एक विभाग बदलून पाहा. आमच्या मंडळात जून महिन्यात प्रत्येक इच्छुक सभासदाला एकाच मातृरोपापासून तयार केलेले शेवंतीचे रोप दिले जाते आणि स्पर्धेचा हा विभाग केवळ त्याच रोपांसाठी असतो. रोप सर्वांचे सारखे असल्यामुळे वाढीत जो फरक पडतो तो उन्हाचा, मातीचा आणि हाताचा. विकत आणलेली कुंडी इथे चालतच नाही, त्यामुळे आपण सांगितलेल्या तक्रारीचे मूळच नाहीसे होते.

मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी शेंड्याकडचे तीन-चार इंच लांबीचे कोवळे तुकडे कापून वाळूत लावले, तर दोन-तीन आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात. हे तुकडे सर्वांनी एकत्र बसून लावावेत, कारण वर्षाची पहिली चांगली सभा ती हीच. त्यानंतर जुलैमध्ये आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेंडे खुडायचे असतात. खुडणी लांबवली तर कळ्या उशिरा येतात. शेंडे खुडायला नवशिक्यांचा हात धजत नाही, म्हणून त्या दोन सभा एखाद्या सभासदाच्या गॅलरीतच घ्याव्यात आणि ज्याचे रोप आहे त्यालाच खुडायला लावावे.

शेवंती दिवस लहान होऊ लागल्यावर कळीवर येते. रात्रीचा अंधार तिला सलग मिळावा लागतो. आमच्या एका सभासद काकूंचे रोप दिसायला सर्वांत भरदार होते; इतरांच्या रोपांवर फुले उमलली तेव्हाही त्याच्या एका बाजूला हिरव्या पानांखेरीज काही नव्हते, दुसरी बाजू मात्र कळ्यांनी भरली होती. त्यांच्या घरी जाऊन पाहिले, तेव्हा गॅलरीसमोरच रस्त्यावरचा दिवा आहे आणि त्याचा उजेड नेमका त्या हिरव्या बाजूवर पडतो, असे दिसले. कुंडी कोपऱ्यात सरकवल्यावर महिनाभराने ती बाजूही फुलली. त्यानंतर आपापल्या गॅलरीत रात्री किती उजेड असतो हे सगळेच पाहू लागले. एवढे काम कोणत्याही व्याख्यानाने झाले नसते.

दुसरा टिकलेला कार्यक्रम म्हणजे गुलाब छाटणीचे प्रात्यक्षिक. आपल्याकडे द्राक्षांमुळे ऑक्टोबर छाटणी घरोघरी ठाऊक असेलच; गुलाबही पाऊस संपल्यावर, त्याच सुमारास छाटतात. छाटणीपासून फूल उमलायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, थंडी जास्त असेल तर आणखी काही. जानेवारीच्या अखेरीस प्रदर्शन असेल, तर त्यासाठी राखलेली झाडे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटावी लागतील. बाकीची ऑक्टोबरमध्येच उरकावीत. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या जागेच्या) किंचित वर तिरका काप कसा घ्यायचा आणि कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीरोधक लेप) कशी लावायची, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्या सभासदांत एखादे द्राक्षबागायतदार असतील तर त्यांनाच बोलवा. त्यांच्या हातची कात्री पाहणे हेच मोठे शिक्षण आहे.

पुण्यातील एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन जानेवारीत प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास भरते आणि ही बाग चालवणाऱ्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची परंपरा १८३० पासूनची आहे. सभासदांची सहल तिथे आणलीत, तर विभाग कसे पाडतात आणि नोंदणीची चिठ्ठी कशी असते तेही पाहून घ्यावे. केवळ छायाचित्रे काढून परतू नये.

पिठ्या ढेकूण त्रस्त

रोपांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम कोणीतरी सुचवेलच, म्हणून एक इशारा आधीच देतो. आमच्या मंडळात असा मेळावा मोठ्या उत्साहाने झाला आणि महिनाभरात निम्म्या सभासदांच्या जास्वंदीवर मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड, पसरला. आलेले प्रत्येक रोप किमान दोन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे, असा लेखी नियम करा. मेळाव्याच्या दारातच एका टेबलावर भिंग घेऊन बसणारा सभासद नेमा. त्याने पानांची मागची बाजू आणि देठांचे बेचके पाहिल्याशिवाय रोप आत जाऊ देऊ नये. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर संशय घ्यावाच, कारण चिकट द्रवासाठी मुंग्या या किडीला राखतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेऊनही ठेवतात. कीड थोडी असेल तर स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने पुसावी; जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

कृष्णाकाठची ताई

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. माझी भर भाजीपाल्याच्या बियाण्याविषयी आहे. फुलांची स्पर्धा दूरच राहो असे वाटणारे पुष्कळ सभासद, विशेषतः घरातल्या ज्येष्ठ स्त्रिया, बियांच्या पुड्या घेऊन मात्र हटकून येतात. आमच्याकडे दरवर्षी मृगाच्या आसपास बियाण्यांची देवघेव होते आणि दिवाळीच्या आधी मेथी, पालक, मुळा, गाजर यांच्यासाठी दुसरा, लहानसा मेळावा होतो.

पुडीवर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय ती स्वीकारू नये: वाणाचे गावठी नाव, बी धरल्याचा महिना, आणि आसपास त्याच कुळातील दुसरे काही लावले होते का. ही तिसरी नोंद बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. घेवडा, चवळी, टोमॅटो यांचे बी बहुतांशी मूळ झाडासारखेच उतरते, कारण त्यांचे परागीभवन त्याच फुलात होते. वेलवर्गीय भाज्यांचे तसे नाही. शेजारच्या गॅलरीतल्या वेलीचा पराग मधमाशीने आणला, की लांब दुधीचे बी धरूनही पुढच्या वर्षी आखूड, फुगीर फळ लागू शकते.

यावर उपाय सोपा आहे आणि तोच आमचा सर्वांत गर्दीचा कार्यक्रम ठरला. दोडक्याची आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची पहाटे. म्हणून श्रावणात एखाद्या संध्याकाळी ज्यांच्याकडे दोडक्याचा वेल बहरला आहे त्यांच्या घरी जमायचे. त्या दिवशी उमलणार असलेल्या नर आणि मादी कळ्या दुपारीच दोऱ्याने किंवा कागदी पिशवीने बंद करून ठेवलेल्या असतात. मादी कळीच्या मागे बोटभर दोडका आधीच दिसत असल्याने मुलांनाही ती ओळखता येते. उमलण्याच्या वेळी नर फूल तोडून त्याचे परागकोष मादी फुलावर हलकेच फिरवायचे आणि मादी फूल पुन्हा पिशवीत बंद करायचे. ते फळ खुणेचा दोरा बांधून वेलीवरच वाळू द्यावे. भाजीसाठी तोडण्याचा मोह घरातल्या इतर मंडळींना आवरत नाही, म्हणून दोरा लाल आणि ठळक असावा.

शक्य झाले तर हिवाळ्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे सहल न्यावी. २०२० सालच्या पद्मश्रीच्या मानकरी राहीबाई पोपेरे यांनी तिथे देशी वाणांची बियाणे बँक उभी केली आहे. नाशिकहून ते अंतर एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. जाण्याआधी त्यांची सोय विचारून घ्यावी आणि रिकाम्या हाताने न जाता आपल्याकडचे नीट नोंदवलेले बियाणे सोबत न्यावे.

तिसरा मजला, डोंबिवली

आपल्या प्रश्नातील गच्चीच्या परवानगीचा मुद्दा अजून कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. सोसायटीच्या समितीचे आक्षेप तीनच असतात: गळती, वजन आणि डास. हे तिन्ही खरे आहेत, त्यामुळे वाद घालण्यापेक्षा मंडळाने स्वतःच एक पानभर नियमावली करून समितीच्या हाती द्यावी.

वजनाचा अंदाज सहसा कोणालाच नसतो. एक फूट लांब, रुंद आणि खोल पेटीत भरलेली ओली माती चाळीस ते पन्नास किलो भरते. त्याऐवजी तळाला नारळाच्या शेंड्या, वर उसाचे चिपाड व पालापाचोळा आणि त्यावर कंपोस्ट मिसळलेला थोडाच मातीचा थर दिला, तर वजन निम्म्याहूनही खाली येते आणि पालेभाज्या उत्तम येतात. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या म्हणजे खालची फरशी वाळते आणि गळती सुरू झालीच तर ती कुठून आहे तेही दिसते.

डासांचा आक्षेप सर्वांत गंभीर मानावा. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होईपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आमच्या इमारतीत पावसाळ्यात दर रविवारी सकाळी सर्व ताटल्या उपड्या करून घासल्या जातात आणि पाळी कोणाची हे फळ्यावर लिहिलेले असते. समितीच्या अध्यक्षांनी एकदा ती पाळी स्वतः केली आणि तेव्हापासून गच्चीच्या किल्लीसाठी अर्ज करावा लागलेला नाही.

उत्तरेच्या गॅलरीवाल्यांना फुलांच्या स्पर्धेत ओढू नये. त्यांच्यासाठी नेचे, मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि पानांच्या शोभेची इतर झाडे असा वेगळा विभाग ठेवावा. आणि वृक्षारोपणाबद्दल म्हणाल तर, फोटोपुरते खड्डे खणण्यापेक्षा वसाहतीतील जुन्या झाडांची नोंद करणे मला अधिक मोलाचे वाटते. राज्याच्या १९७५ च्या झाडे जतन कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आपल्या आवारात अशी झाडे कोणती, हे सभासदांना ठाऊक असायला हवे.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यकारिणीपुढे ठेवायचा मसुदा असा तयार झाला आहे: जूनमध्ये शेवंतीची लागण व बियाण्यांची देवघेव, जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी खुडणी, श्रावणात दोडक्याची संध्याकाळ, ऑक्टोबरमध्ये गुलाब छाटणी, हिवाळ्यात कोंभाळणे आणि जानेवारीत प्रदर्शन. व्याख्यान यंदा वगळतो आहे. वृक्षारोपणाऐवजी झाडांची नोंद करावी, हे काही ज्येष्ठ सभासदांना रुचणार नाही. त्यांना आधी भेटून बोलेन.

एकच शंका उरली. शेवंती नोव्हेंबर-डिसेंबरात फुलणार आणि आमचे प्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस. मग एकाच रोपाच्या त्या विभागाचे काय करावे?

मुठेकाठचा माळी

तो विभाग प्रदर्शनाला जोडूच नका. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षकांनीच घरोघरी जाऊन कुंड्या जागेवर पाहाव्यात आणि ज्यांना हौस असेल त्या सभासदांनीही सोबत फिरावे. कुंड्या हलवताना फांद्या मोडत नाहीत आणि कोणाच्या गॅलरीत किती ऊन येते ते परीक्षकांना दिसते. गुण देताना त्याचा विचार करता येतो. निकाल मात्र जानेवारीत, सर्वांसमोर जाहीर करा. मातृरोप निवडताना लहान फुलांचा पिवळा किंवा पांढरा गावठी वाण घ्या. मोठ्या फुलांच्या वाणांना काठीचा आधार आणि कळ्यांची विरळणी लागते, पहिल्या वर्षी ते जड जाईल.