अनुभव धागा: गटाच्या प्रकल्पात काम एका हातातून दुसऱ्या हातात कसं जातं?

झिरोमाइल

शेवटच्या वर्षाचे गट पडले, विषय मंजूर झाले, आता खरं काम सुरू. नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रकल्प प्रदर्शनात चक्कर मारा. चौघांनी केलेले चार भाग सुटे सुटे चालतात आणि एकत्र जोडले की अडतात. बिघाड बहुधा कोणाच्या भागात नसतो, दोन भागांच्या सांध्यात असतो. एकाने मनात धरलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचलेलीच नसते.

हा धागा त्या सांध्यांसाठी. शाखा कोणतीही चालेल. प्रकल्प, प्रयोगशाळा, सर्वेक्षण, काहीही. फक्त 'समन्वय हवा, संवाद हवा' इथेच थांबू नका. कोणी कोणाला नेमकं काय द्यायचं, कुठला आकडा लिहून ठेवायचा आणि नाही लिहिला तर काय बिघडतं, ते सांगा. पुढच्या वर्षीची पोरं हे वाचून काम करतील.

ब्रेडबोर्ड

इलेक्ट्रॉनिक्सपासून सुरू करतो. ठिबक सिंचनाचा आपोआप चालणारा पंप हा आपल्याकडचा आवडता प्रकल्प. एक जण ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर मातीच्या ओलाव्याचा सेन्सर जोडतो, दुसरा वायफायवरून आकडे मोबाइलवर पाठवतो. जोडणारा सेन्सर २५, २६ किंवा २७ नंबरच्या पिनला लावतो, तपासतो, आकडे छान येतात. कोडवाला वायफाय सुरू करतो आणि वाचन बंद पडतं. मग दोन दिवस 'तुझा सेन्सर खराब', 'तुझा कोड खराब' चालतं.

दोघांचंही बरोबर असतं. या चिपमध्ये एडीसीचे, म्हणजे व्होल्टेजचा आकडा बनवणाऱ्या भागाचे, दोन संच आहेत. दुसरा संच वायफाय स्वतःच्या कामाला वापरतं, त्यामुळे वायफाय चालू असताना त्या पिनांवर ॲनालॉग वाचन भरवशाने होत नाही. सेन्सर पहिल्या संचावर हवा, म्हणजे ३२ ते ३६ किंवा ३९. हे माहीत असलेला माणूस गटात असतो, पण पिन कोणती निवडली हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

उपाय म्हणजे पिनतक्ता. वहीचं एक पान: पिन क्रमांक, तिथे काय जोडलंय, व्होल्टेज किती, आत येणारा सिग्नल की बाहेर जाणारा, कोणी जोडलं, तारीख. पान डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा आणि त्याचा फोटो गटात टाका. पिन बदलली तर आधी तक्ता, मग वायर.

व्होल्टेजचा रकाना गाळू नका. बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची एको पिन ५ व्होल्टच परत पाठवते. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहम रेझिस्टरचा व्होल्टेज विभाजक लावा, साधारण ३.३ व्होल्ट मिळतात. पंपाची वीज वेगळ्या अडॅप्टरने द्या, पण ग्राउंड सगळ्यांचं एकत्र ठेवा. ते एकत्र नसलं की आकडे उड्या मारतात आणि संशय पुन्हा कोडवर जातो.

आणखी एक. कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सरचा प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो. कोरड्या हवेतला आकडा आणि पाण्यात खुणेपर्यंत बुडवल्यावरचा आकडा, असे दोन आकडे घेऊन सेन्सरच्या वायरला टेप लावून त्यावरच लिहा. सीताबर्डीच्या बाजारातून आणताना दोन नग आणा, आणि दुसऱ्याचेही आकडे त्याच दिवशी घेऊन ठेवा. आयत्या वेळी नग बदलला तर कोडवाल्याला दोन आकडे बदलायचे असतात, बाकी काही नाही.

अर्धविराम

वरच्याचा पुढचा सांधा आमच्या कॉम्प्युटरवाल्यांचा. बोर्डवरून येणारा आकडा आणि स्क्रीनवर दिसणारा आकडा, यांच्यामध्ये किमान दोन माणसं असतात. पहिल्या आठवड्यातच एक नमुना संदेश ठरवा आणि तो सगळ्यांच्या समोर लिहा. त्यात प्रत्येक नावाचं स्पेलिंग, एकक, आणि आकडा नसेल तर काय पाठवायचं हे असावं. सेन्सर बंद असताना एक जण शून्य पाठवतो, दुसरा शून्याचा अर्थ 'माती पूर्ण कोरडी' असा घेतो, आणि पंप रात्रभर चालतो. रिकामं ते रिकामंच पाठवायचं, शून्य नाही.

वेळेचंही तसंच. सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतो, आपली वेळ साडेपाच तास पुढे. साठवताना यूटीसी, दाखवताना भारतीय वेळ, असं ठरवून टाका. नाही तर सकाळी सहाचं ओलित आलेखात मध्यरात्री साडेबाराला दिसतं. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, म्हणजे ०३/०४ हा मार्च की एप्रिल हा वाद उरत नाही.

नमुना ठरला की स्क्रीन करणाऱ्याने हार्डवेअरची वाट पाहू नये. खोटे आकडे पाठवणारा वीस ओळींचा कोड लिहायचा आणि त्यावर काम सुरू करायचं.

गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, त्याबद्दल थोडक्यात: रोज बसण्याआधी पुल (गटाचा ताजा कोड घ्या), उठण्याआधी पुश (आपला पाठवा), एका कमिटमध्ये, म्हणजे एका नोंदीत, एकच बदल. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा झिप फाइली व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्या की कोणाच्या लॅपटॉपवरचा कोड चालू आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. पासवर्ड आणि एपीआयच्या किल्ल्या (दुसऱ्या सेवेला जोडायचे गुप्त कोड) वेगळ्या फाइलीत, ती फाइल गिटच्या बाहेर.

सहासुती

मेकॅनिकल. आमच्यातला सांधा ड्रॉइंग आणि वर्कशॉप यांच्यामध्ये असतो.

कॉलेजात सगळं मिलिमीटरमध्ये शिकवतात. हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलं की भाऊ सुतात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. ड्रॉइंगवर शाफ्ट २० मिमीचा. ड्रॉइंग काढणारा येत नाही, दुसराच जातो आणि बोलता बोलता 'सहा सुती चालेल ना?' याला हो म्हणून येतो. सहा सूत म्हणजे १९.०५ मिमी. यूसीपी २०४ बेअरिंगचं भोक २० मिमी. बेअरिंगमधला शाफ्ट धरणारा बारीक स्क्रू आवळला की शाफ्ट एका अंगाला दाबला जातो, केंद्र जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकतं आणि फिरवलं की अख्खी फ्रेम थरथरते. मग वेल्डिंगला दोष दिला जातो.

म्हणून ज्याने ड्रॉइंग काढलं, त्यानेच वर्कशॉपमध्ये जायचं. बेअरिंग सोबत न्यायचं, व्हर्निअर न्यायचं, बार घेतानाच मोजायचा. ड्रॉइंगवर ज्या मापाला हात लावायचा नाही त्याला लाल गोल करा. पाचच्या वर लाल गोल झाले तर ड्रॉइंगचाच पुन्हा विचार करा. कारागिराला एकदा विचारा, 'यातलं काय करायला अवघड जाईल?' त्याच्या एका वाक्यातून पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त कळतं.

फ्रेम जोडताना आधी चारही कोपऱ्यांना फक्त वेल्डिंगचे छोटे टाके मारायचे. मग दोन्ही कर्ण मोजायचे. फरक दोन मिलिमीटरच्या आत आला की समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून पूर्ण वेल्ड करायचे. एकाच बाजूने वेल्ड करत गेलं तर गरम झालेली बाजू थंड होताना आकसते आणि चौकट पतंग होते. कर्ण मोजणारा आणि आकडा वहीत लिहिणारा वेगळा असू द्या. मोजणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, लिहिणाऱ्याने तो आकडा परत म्हणून दाखवायचा.

नदीकाठ

पर्यावरण आणि रसायनशास्त्रवाल्यांसाठी. नाग नदी किंवा अंबाझरी तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा प्रकल्प दरवर्षी असतो. यात काठावरचे दोघे आणि प्रयोगशाळेतले दोघे, असे भाग पडतात. एकाच रासायनिक क्रियेचा अर्धा भाग काठावर होतो आणि अर्धा प्रयोगशाळेत, म्हणून इथे सांधा फार नाजूक.

काठावर: ३०० मिलीची बीओडी बाटली (ऑक्सिजन मोजायची घट्ट बुचाची काचेची बाटली) पाण्यात हळू भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला तर त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि आकडा फुगतो. मग २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून बाटली उलटी-सुलटी हलवायची. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. ऑक्सिजन इथे बांधला गेला. हे काठावरच झालं पाहिजे. 'लॅबमध्ये जाऊन टाकू' म्हटलं की वाटेत जिवाणू ऑक्सिजन खात राहतात, आणि नाग नदीसारख्या सांडपाण्याच्या प्रवाहात तर भराभर.

प्रयोगशाळेत: २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, साका विरघळून पिवळा रंग. त्यातलं २०३ मिली घ्यायचं, २०० नाही, कारण आधीच्या दोन रसायनांनी तेवढं पाणी बाहेर सारलेलं असतं. ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब टाकून किती लागलं ते मोजणं. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च, आणि निळा जाईपर्यंत. लागलेला प्रत्येक मिली म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन.

आता हातबदल. बाटलीच्या चिठ्ठीवर पाच गोष्टी: ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, आणि 'दोन रसायनं टाकली, आम्ल बाकी' हे वाक्य. ते वाक्य नसेल तर आम्ल दोनदा पडतं किंवा पडतच नाही. चिठ्ठी बाटलीच्या पोटावर लावा, बुचावर नाही. धुताना बुचं एकमेकांत मिसळतात. वेळ कशाला, असं वाटेल. ३० अंशांना स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. पण शेवाळ असलेल्या तळ्यात दुपारी त्याहून जास्त येऊ शकतो आणि पहाटे तेच पाणी फार खाली जातं. वेळ लिहिलेली नसेल तर प्रयोगशाळेतला जोडीदार खरा आकडा चूक समजून खोडतो.

थायोसल्फेटची ताकद पडून पडून कमी होते, डायक्रोमेटने तपासल्याची तारीख बाटलीवर हवी. आणि उन्हाळ्यात वजन करताना कूलर बंद करा. वाऱ्याच्या झोताने काट्यावरचा आकडा ठरत नाही, आणि सोडियम हायड्रॉक्साइड त्या दमट हवेत डोळ्यांदेखत ओलं होतं.

आंबिया

कृषीची पोरं रावेसाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात जातात तेव्हा हाच घोळ प्रश्नावलीत होतो. काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात 'मागच्या बहाराला किती माल निघाला?' असं विचारलं तर अर्धे शेतकरी आंबियाचं (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार) सांगतात, अर्धे मृगाचं (पावसाच्या सुरुवातीला फुलणारा). प्रश्न असा हवा: 'आंबिया बहाराचा माल किती? मृगाचा किती?' दोन वेगळे रकाने.

क्षेत्राचं माप तसंच. शेतकरी एकरात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. शेतकऱ्याने सांगितलं तसंच लिहा आणि शेजारी एकक लिहा. रूपांतर घरी बसून एकाच माणसाने करायचं. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. चौघांनी बांधावर उभं राहून मनातल्या मनात हिशोब केला की चार तऱ्हेचे आकडे येतात.

पहिल्या दोन-तीन शेतकऱ्यांकडे सगळ्यांनी एकत्र जा. एक विचारेल, बाकीचे आपापल्या कागदावर लिहितील, मग कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. फरक जिथे आला तिथे प्रश्न दुरुस्त करा. मगच पांगा. एप्रिलनंतर सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ धरा, त्यानंतर माणूस बोलायच्या मनःस्थितीत नसतो.

मराठी नावं असलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर भलतीच चिन्हं दिसली तर माहिती गेली असं समजून पुन्हा टाइप करत बसू नका. यूटीएफ-८ निवडून इम्पोर्ट करा.

लाजाळू_नको

विचारू का? गटातला एक जण काहीच करत नसेल तर काय करायचं? सरांना सांगितलं की चुगली, नाही सांगितलं की बाकी तिघांवर ओझं.

अर्धविराम

आधी बघा, त्याला काम येतं का. पुष्कळदा आळस नसतोच, काम समजलेलं नसतं आणि विचारायला संकोच वाटतो. गडचिरोली, गोंदियाकडून मराठी माध्यमातून आलेल्या पोरांचं तर हमखास. गटात हिंदी, सर इंग्रजीत, आणि तो गप्प. 'सॉफ्टवेअर तू बघ' हे काम नव्हे. 'परवापर्यंत या दहा नोंदी टेबलात भर आणि फोटो टाक' हे काम. दोन दिवसांचं, दिसणारं, आणि शेजारी बसून करता येईल असं द्या. त्याला सर्किट आधी मराठीत समजावून सांगू द्या. मराठीत नीट सांगता आलं की इंग्रजी वाक्यं नंतर मिळून बसवता येतात.

अशी तीन कामं दिली आणि एकही आलं नाही, तर त्याला एकट्याला समोर बसवून सांगा, गटात नाही. त्यानंतर मार्गदर्शकांकडे जा, तेही पहिल्या आढाव्याच्या वेळी, शेवटी नाही. कोणतं काम कधी दिलं याची तारखेसह यादी न्या. 'तो काही करूनच नाही राह्यला' एवढं म्हटलं तर सरांना त्यावर काही करता येत नाही.

झिरोमाइल

मार्गदर्शकांच्या भेटीचं मीही जोडतो. 'सर, आता काय करू?' असं विचारायला जाऊ नका. दोन पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि वेळ, आणि गटाला कोणता पटतो, एवढं अर्ध्या पानावर न्या. बाहेर पडल्यावर जिन्यातच तीन ओळी लिहा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. लिहिणारा दरवेळी वेगळा. संध्याकाळपर्यंत चौघांनी वाचून होकार द्यायचा, आणि होकार म्हणजे अंगठा नव्हे. प्रत्येकाने स्वतःचं काम स्वतःच्या शब्दांत परत लिहायचं. कोण काय वेगळं समजलं ते तिथेच उघडं पडतं.

सहासुती

तोंडी परीक्षेआधीचा एक दिवस अदलाबदलीला ठेवा. वेल्डिंगवाल्याने कोड समजावायचा, कोडवाल्याने बेअरिंग का निवडलं ते सांगायचं. परीक्षक बहुधा ज्याचं काम नाही त्यालाच विचारतात. अडलेला प्रत्येक प्रश्न कागदावर उतरवा आणि ज्याचा तो भाग आहे त्याने त्याच रात्री दोन ओळींत उत्तर लिहावं.

नदीकाठ

अहवालाबद्दल कोणीच लिहिलं नाही. प्रकरणं चौघांनी लिहा, पण जोडणारा एकच. आकृत्यांचे क्रमांक, एककं आणि दशांश स्थळं त्याने एकदा शेवटपर्यंत तपासायची. एका प्रकरणात मिलिग्रॅम प्रति लिटर आणि दुसऱ्यात पीपीएम असेल तर परीक्षक तिथेच बोट ठेवतो. बाइंडिंगच्या दुकानात जमा करायच्या आठवड्यात रांग असते, तेव्हा छपाईची फाइल चार दिवस आधी बंद करा आणि पेन ड्राइव्हमध्ये पीडीएफच न्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलला की सगळी पानं सरकतात.