मदत हवी आहे: अभियंता दिनाच्या बीजभाषणासाठी वक्ता सुचवा

नमस्कार मंडळी. 15 सप्टेंबरला ग्वाल्हेरात बांधकाम खातं आणि पालिकेतल्या कर्मचाऱ्यांचं संमेलन घेतोय. विश्वेश्वरय्यांची स्वयंचलित दारं 1903 मध्ये खडकवासल्याला बसली, नंतर आमच्या तिघरा धरणाला. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दार आपोआप उघडायचं, उतरलं की मिटायचं. हे फळ्यावर चित्र काढून समजावणारं कुणी हवंय, कारण समोर इंजिनिअरांइतकेच मुकादम, व्हॉल्व्हमन, रोलरचालकही बसतील. मोठं पद नसलं तरी चालेल. भर पावसात फुटलेल्या लाइनीच्या खड्ड्यात उभं राहून काम करून घेतलेला माणूस मला जास्त मोलाचा वाटतो. पुण्याकडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेलं कुणी ओळखीत आहे का? हिंदीत बोलता यायला हवं. प्रवास, राहणं आमच्याकडे. कृपया लवकर कळवा.