मदत हवी आहे: 'शराड'ची चांगली प्रिंट आणि तुमचं मत

म्हापशात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जुने सिनेमे एकत्र बघतो. यावेळी 'शराड' (1963) लावायचा आहे. कॅरी ग्रँट, ऑड्री हेपबर्न, दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन, संगीत हेन्री मॅन्सिनी. मला हा सिनेमा फार प्रिय आहे. खून, पैसा, सतत नाव बदलणारा नायक, आणि मध्येच तो सूट घालूनच शॉवरखाली उभा राहतो!

अडचण प्रिंटची. मूळ प्रिंटवर कॉपीराइटची सूचना नीट न छापल्याने अमेरिकेत सिनेमा सर्वांसाठी खुला झाला, कुणीही प्रती काढू लागलं, म्हणून नेटवर धुरकट प्रतीच जास्त. स्वच्छ प्रत, शक्यतो मराठी सबटायटल्ससह, कुठे मिळेल? पणजी-मडगावात कुणाकडे डीव्हीडी आहे का?

दुसरं, ग्रँट तेव्हा 59चा, हेपबर्न 34ची. आमच्यातल्या काकूंना ही जोडी विजोड वाटते. मला नाही वाटत, कारण इथे मागे लागते ती नायिका, आणि पटकथेत हा बदल ग्रँटनेच मागून घेतला होता. तुम्हाला काय वाटतं? आणि कृपा करून शेवट कुणी फोडू नका, अर्ध्या मंडळींनी पाहिलेला नाही.