एक्स-रे निर्दोष, तरी चकती सरकलेली असू शकते
एक्स-रे निर्दोष आला म्हणजे कुत्र्याच्या मणक्यांमधील चकती (डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी) ठीक आहे, असे काहींचे मत असते; ते मला धोक्याचे वाटते. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. मज्जारज्जू दिसत नाही. फार तर दोन मणक्यांमधली फट अरुंद झालेली किंवा चकतीत कॅल्शियम साठल्याचा पांढरा ठिपका दिसतो, पण असा ठिपका डॅशहुंडसारख्या जातीत काहीही त्रास नसतानाही आढळतो. कॅल्शियमयुक्त चकती फुटून बाहेर आली असल्यास सीटी स्कॅनमध्ये ती बहुधा स्पष्ट दिसते. मज्जारज्जूची सूज मात्र एमआरआयमध्येच नीट कळते. मागचे पाय लुळे पडले असतील आणि बोट जोरात चिमटल्यावर कुत्रा पाय आखडून घेत असला तरी मान वळवून पाहत किंवा कण्हत नसेल, तर ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, म्हणजे वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नसावी. अशा वेळी पशुवैद्याकडे नेण्यासाठी एक दिवसही थांबू नये.