‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’ एक नाही
कर्ज फेडलं की सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा क्रेडिट स्कोअर) आपोआप सुधारतं, असं म्हटलं जातं. पूर्ण फेडलं तर ठीक, पण तडजोडीने कमी रकमेत मिटवलं तर नाही; तेव्हा रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद होते. माझ्या जुन्या क्रेडिट कार्डापुढे ‘सेटल्ड’ असंच होतं. उरलेले साडेनऊ हजार भरले, बँकेकडून शिक्क्याचं नो ड्यूज (काही देणं बाकी नाही) पत्र घेतलं, तरी दोन महिने नोंद हलेना. मग पत्र जोडून सिबिल कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाकला, बाविसाव्या दिवशी ‘क्लोज्ड’ झालं.

आणखी एक सांगतो: अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे, तक्रारीतच त्याचा उल्लेख करा. आणि एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या सिबिलसारख्याच दुसऱ्या कंपन्यांचे रिपोर्टही उघडून बघा. माझ्या एकात जुनीच नोंद होती.