मदत हवी आहे: 9 दिवसांच्या पिल्लांना औषधवालं खाद्य घालू की जास्त प्रोटीनचं?

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळच्या गावातून लिहिते आहे. मागच्या पडवीत कावेरी जातीच्या कोंबडीची 40 पिल्लं आहेत, आज त्यांचा नववा दिवस. अंड्यांसाठीच आणलीत, नर निघतील ते घरी लागतील. सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचा, थेंब डोळ्यात घातला, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस द्यायची आहे. खाली तुसाची गादी, वर बल्ब. सगळी चपळ आहेत, अजून एकही दगावलेलं नाही. प्रश्न खाद्याचा आहे आणि घाईचा आहे, कारण पिल्लांसोबत आणलेली पिशवी चार दिवसांत संपेल.

घाबरण्याचं कारणही सांगते. गेल्या वर्षी जुलैत 25 पिल्लं आणली होती. कणी, उरलेला भात, थोडी सुकट, यावरच वाढवली, कारण आमच्याकडे कोंबड्या अशाच वाढत आल्या आहेत. चौथ्या आठवड्यात एका सकाळी एक पिल्लू कोपऱ्यात पंख पाडून, डोळे मिटून उभं दिसलं. हातात घेतलं तर छातीचं हाड बोटाला टोचलं. शेपटीखालची पिसं रक्ताने चिकटलेली होती आणि तुसावर जागोजागी विटकरी शीट पडलेली. पाच दिवसांत 11 पिल्लं गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्ती हगवण सांगितली, पाण्यातून औषध सुरू केलं, पण जी पार गळून गेली होती त्यांनी पाण्याला चोचही लावली नाही. माझी धाकटी रोज शाळेतून आल्यावर किती उरली ते मोजायची. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

दुकानात दोन प्रकार आहेत. एक ब्रॉयलर प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांचं, प्रोटीन 22 टक्के, औषधाचा उल्लेख नाही. दुसरं लेअर चिक स्टार्टर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं, प्रोटीन 20 टक्के, लेबलवर अ‍ॅम्प्रोलियम लिहिलेलं. हे रक्ती हगवणीवरचं औषध. दुकानदार म्हणतो ब्रॉयलरचं घ्या, पिल्लं भराभर वाढतील. शेजारच्या काकू म्हणतात, औषध घालून वाढवलेल्या कोंबडीचं अंडं खायचं कसं? आणखी एका ओळखीच्यांनी मोठ्या कोंबड्यांचं लेअर खाद्यच भरडून घालायला सांगितलं.

खाद्य पुरवून वापरावं म्हणून निम्मं स्टार्टर आणि निम्मी कणी असं मिसळायचा विचार आहे. पाण्यात रोज बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक चालू आहे. घरच्या चार जुन्या कोंबड्या दिवसभर अंगणात असतात, रात्री पडवीतच बसतात.

यातलं काय बरोबर, काय चूक? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद 1

ताई, औषधवालं 20 टक्क्यांचं घ्या. कावेरीला काही ब्रॉयलरसारखी सहा आठवड्यांत विकायची नाही, तिला आठ आठवड्यांपर्यंत 20 टक्के पुरे होतात.

पण निम्मी कणी मिसळू नका, माझा सगळा जोर यावर आहे. कणीत प्रोटीन जेमतेम 8 टक्के. निम्मं-निम्मं केलंत की 20 चे 14 होतात. त्याहून वाईट म्हणजे औषधही निम्मं होतं. लेबलवरचं प्रमाण पिल्लू फक्त तेच खाईल असं धरून ठरवलेलं असतं. मी स्वतः हीच चूक केली होती. औषधाचं खाद्य घालूनही चौथ्या आठवड्यात रक्त दिसलं आणि मी खाद्याला दोष देत बसलो. कणी घालायचीच तर मूठभर, संध्याकाळी, पोट भरल्यावर.

लेअर खाद्य अजिबात नको. त्यात अंड्याच्या कवचासाठी 3 टक्क्यांच्या वर कॅल्शियम असतं, पिल्लांची मूत्रपिंडं त्याने खराब होतात.

प्रतिसाद 2

वरच्याशी सहमत. काकूंना सांगा, अ‍ॅम्प्रोलियम हे अँटिबायोटिक नाही. ते दिसायला बी-1 जीवनसत्त्वासारखं असतं. रक्ती हगवणीचे जंतू बी-1 समजून तेच घेतात आणि उपाशी पडतात. म्हणूनच ते रोजचं टॉनिक थांबवा. पाण्यातून बी-1 भरपूर मिळालं की औषधाचा जोर कमी होतो. शिवाय तुमची पिल्लं अंड्यावर यायला अजून काही महिने आहेत, तोवर हे खाद्य कधीच बंद झालेलं असेल.

हॅचरीला एक फोन करा: रक्ती हगवणीची लस दिली आहे का? गावठी पिल्लांना बहुधा देत नाहीत, पण दिली असेल तर औषधवालं खाद्य घालू नका. ती लस जिवंत जंतूंची असते, औषधाने वाया जाईल.

आणि औषधावर सगळा भार टाकू नका. शिटेतून पडलेली जंतूंची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. फिनेलने ती मरत नाहीत. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला तूस रोज काढा, भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर आणा. जुन्या कोंबड्या पडवीतून हलवा. त्यांना काही होत नाही, पण त्यांच्या शिटेतून जंतू पिल्लांपर्यंत येतात.

सुटं खाद्य घेऊ नका, त्याला लेबल नसतं. गोणी फळीवर ठेवा. पावसात ओल लागून बुरशी आली, तर ते खाद्य फेकून द्यायचं, वाळवून घालायचं नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हॅचरीत विचारलं, ती लस दिलेली नाही. औषधवाल्या स्टार्टरची 50 किलोची बंद गोणी आणली. टॉनिक बंद केलं. जुन्या कोंबड्यांना गोठ्याच्या बाजूला डालग्याखाली झाकलं, रात्रभर ओरडत होत्या. भांडं दोन विटांवर ठेवलं तर लहान पिल्लांची चोच पोचेना, म्हणून एक वीट काढली. तूस आज सकाळी कोरडा होता.

एकच राहिलं: आठ आठवड्यांनी ग्रोअरवर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांच्या खाद्यावर, नेताना हे खाद्य एकदम बंद करायचं की चार-पाच दिवस मिसळत न्यायचं?

प्रतिसाद 1

मिसळत न्या ताई, पाच-सहा दिवस. तेव्हा रोज सकाळी शीट बघत राहा. लाल दिसली की वाट न बघता ताजी शीट घेऊन दवाखाना गाठा.